सप्तमीचं पाणी

रत्नागिरीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश फळ्यावर शेकडो वेळा काढले, पण ते हातात धरून कुठे जाऊन पोचायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, आणि तीही भाच्यामुळे. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. २०१६च्या डिसेंबरात घरी आला आणि म्हणाला, "मामा, जिओकॅशिंग करूया. शास्त्री नदीत. होडीनं."

खेळ सोपा आहे. कुणीतरी एक डबा, खेळाच्या भाषेत 'कॅश', लपवतो, आत एक वही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश बाकीच्यांना देतो. शोधणारा डबा हुडकतो, वहीत नाव नि तारीख लिहितो आणि डबा होता तिथेच ठेवतो. ह्या खेळाचं जन्मटिपणही नेमकं माहीत आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं आपल्या उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. आदल्या दिवसापर्यंत शंभर मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी एक बादली रानात ठेवली, आकडे जाहीर केले, आणि खेळ सुरू झाला.

आमचा खेळ जगजाहीर नाही. नात्यातली चार-पाच घरं, एक होडी, आणि संगमेश्वरापासून खाली फुणगूसकडे जाणारं पाणी, एवढ्यावरच तो चालतो. इतक्या वर्षांत जे पदरी पडलं ते क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा नाही, सवय मास्तरकीची.

१. 'कॅश' हा शब्द गावात उच्चारू नये.

भाच्यानं पहिल्याच दिवशी संगमेश्वरला नावडीच्या बाजारात चहा पिता पिता सांगून टाकलं, "आम्ही नदीकाठी कॅश शोधायला आलोय." ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या होत्या, त्याला जेमतेम महिना झालेला. बँकांसमोर रांगा, आणि हा पुण्याचा मुलगा नदीकाठी कॅश शोधतोय! टपरीवरची पाच माणसं एकदम गप्प झाली. आम्ही धक्क्याकडे निघालो तेव्हा मागे दोन मोटरसायकली होत्या. त्या दिवसापासून आम्ही फक्त 'डबा' म्हणतो.

२. उपग्रह जागा सांगतो, वेळ सांगत नाही.

हा धडा सगळ्यात महाग पडला, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला डबा भाच्याच्या मित्रानं आदल्या आठवड्यात खाली खाडीत, एका तिवराच्या झाडाला बांधून ठेवला होता. शनिवार, मोक्षदा एकादशी. आम्ही दहाच्या सुमारास निघालो. होडी एका खारवी आजोबांची, फायबरची, तीन माणसांची. त्यांना सगळे बाबा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. बाबांनी निघतानाच म्हटलं, "मास्तर, उशीर झाला." मी घड्याळ पाहिलं. दहा म्हणजे काय उशीर?

सोनवी आणि शास्त्री मिळतात तिथून खाली सुरेख पाणी होतं. खंड्या तारेवरून सूर मारत होता, वल्ह्याचा एवढासा आवाज. मी भाच्याला बोय आणि तांबोशी ह्यांतला फरक सांगत होतो. मोबाइलवरचा आकडा कमी कमी होत गेला. चारशे मीटर, दोनशे, नव्वद, साठ. आणि साठवर होडी थांबली. बाबांनी बांबू रोवला, तो हातभर गाळात गेला. आजूबाजूला पाणी होतं, पण वीतभर. अर्ध्या तासात तेही गेलं. आमच्या चारी बाजूंनी निवट्या उड्या मारू लागल्या.

भाचा म्हणाला, "साठच मीटर आहे, चालत जातो." बाबांनी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. वरून मऊ दिसणाऱ्या त्या गाळात माणूस मांडीपर्यंत जातो, आणि खाली कालवांची कवचं असतात, पात्यासारखी. पाय फाडून घ्यायचा तर साठ मीटर पुष्कळ झाले.

होडी पुन्हा तरंगली तेव्हा साडेपाच वाजले होते. तोवर बाबांनी भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी सोडली. भाच्यानं त्यातली निम्मी खाल्ली. मला एकादशी. दोन शेंगदाण्याचे लाडू आणि डोक्यावर ऊन. मोक्षाची वाट पाहत त्या होडीत बसल्याइतकी ती एकादशी मी पुन्हा कधी मनापासून पाळली नाही.

त्या सात तासांत बाबांनी जो हिशेब शिकवला तो मी पूर्वी पुस्तकात वाचला होता. वापरला कधीच नव्हता. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. एकादशी म्हणजे अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती, रात्री पुन्हा तशीच, आणि मध्ये सहा तासांनी सुकती. पंधरा दिवसांत हे चक्र फिरून येतं, कारण चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. शिवाय खाडीच्या तोंडाशी, जयगडला, भरती लागली की ती खाडीतून वर पोचायला वेळ लागतो. तो वेळ कुठल्या वळणावर किती, हे बाबांच्या डोक्यात आहे. मोबाइलात नाही.

हे मी मुलांना शिकवलं होतं, आकृतीसकट. चंद्र, पृथ्वी, सूर्य, ठिपक्याठिपक्यांच्या रेषा. आणि एकादशीला दहा वाजता होडीत बसलो!

३. आकडा कुठल्या पद्धतीनं लिहिलाय ते आधी विचारा.

ही चूक माझी. भाच्यानं १७° ११.३०′ असं पाठवलं. म्हणजे सतरा अंश आणि अकरा पूर्णांक तीन दशांश मिनिटं. मी जुन्या वळणाचा, मी वाचलं सतरा अंश, अकरा मिनिटं, तीस सेकंद. दशांश तीन मिनिट म्हणजे अठरा सेकंद. फरक बारा सेकंदांचा. एक सेकंद अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे एकतीस मीटर. मी डब्याच्या जवळजवळ पावणेचारशे मीटर उत्तरेला, कुणाच्या तरी काजूच्या बागेत, कुंपणाशी वाकून शोधत होतो. बागेच्या मालकीणबाईंनी वरून विचारलं, "काय हरवलं काय?" मी म्हटलं, "बारा सेकंद." त्यांनी कुत्रा सोडला नाही हे त्यांचे उपकार.

४. डबा: पोलादी नको, खाऊ नको, पेन नको.

खाऱ्या हवेत पोलाद दोन पावसाळे काढत नाही. जाड प्लास्टिकचा, रबराची कडा असलेला डबा घ्यावा. 'पाणी शिरत नाही' ह्या छापील आश्वासनावर विश्वास न ठेवता वही वेगळ्या पिशवीत घालावी. आत शाईचं पेन ठेवलं तर पहिल्याच दमट महिन्यात सगळी नावं एकमेकांत मिसळतात. पेन्सिल टिकते. गोळ्या-चॉकलेट ठेवलं तर मुंग्या येतात, मुंग्यांमागे उंदीर, आणि वानरांना तर झाकण कसं उघडतं हे आपल्याआधी कळतं.

आत एखादी वस्तू ठेवायची आणि दुसरी घ्यायची अशी रीत आहे, बरोबरीच्या मोलाची. आम्ही शिंपला, गोटी, जुनं नाणं असलं काहीतरी ठेवतो. एकदा वकील असलेल्या मेहुण्यांनी गंमत सांगितली. १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमचा डबा जमिनीत नसतो, झाडाला असतो. तरी पण त्या दिवसापासून आतला ऐवज दहा रुपयांच्या आतच ठेवतो.

५. डब्यावरच्या चिठ्ठीत 'स्फोटक' हा शब्द लिहू नका.

लिहिलं कुणी? मीच. "हा खेळाचा डबा आहे. यात कोणतेही स्फोटक नाही." मला वाटलं, लोकांची भीती जाईल. महामार्गावरच्या पुलापासून थोड्या अंतरावर एका गुराख्याला तो डबा दिसला. त्यानं चिठ्ठी वाचली, आणि त्याला नेमका तेवढा एकच शब्द दिसला. डबा सरपंचांकडे गेला नाही. सरपंच डब्याकडे आले, बरोबर अर्धं गाव. मग पोलीस.

आणि हसण्यासारखंही नाही. हा किनारा आहे. १९९३ साली रायगडच्या शेखाडीत स्फोटकं उतरली होती, २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. इथे पुलाजवळ बेवारस डबा दिसला तर घाबरणाराच शहाणा. परदेशात ह्या खेळासाठी लष्करी दारूगोळ्याच्या रिकाम्या हिरव्या पेट्या वापरतात म्हणे. आपल्याकडे तसं करायला गेलात तर तुम्हाला शोधायला दुसरेच लोक येतील.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पुलापासून, रेल्वेमार्गापासून, शाळेपासून दूर. डबा आरपार दिसणारा. ठेवण्याआधी पोलीस पाटलांना सांगायचं. जागेच्या मालकाला विचारायचं. आणि चिठ्ठीवर फक्त "शोधाचा खेळ" आणि माझा फोन नंबर. त्या दिवशी ज्या हवालदारांनी डबा उघडला त्यांचं नाव वहीत पहिलं आहे, तारीख आणि वेळेसकट.

६. लोक विचारतील, खरं सांगा.

'पक्षी बघतोय' असं एकदा सांगितलं. जवळ दुर्बीण नव्हती. मग कुजबुज सुरू झाली की संभाजीराजांच्या वेळचा हंडा शोधतायत. आठवड्यानं गेलो तर डब्याजवळ दोन खड्डे खणलेले. आता वाडीतली पोरं जमली की त्यांनाच मोबाइल देतो. ती आमच्यापेक्षा लवकर शोधतात, आणि नंतर डब्याची राखणही करतात.

७. देवळात आणि स्मारकात डबा ठेवू नये. तिथे प्रश्न ठेवावा.

संगमेश्वराहून थोड्या अंतरावर कसबा. तिथे वरुणा आणि अलकनंदा मिळतात, तिथलं कर्णेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळचं. दगडी छतावरचं कोरीवकाम बघताना मान दुखते तरी माणूस खाली बघत नाही. अशा दगडांच्या फटीत डबा कोंबणं हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो, मग तो कितीही लहान असो. खेळात त्याला वाट आहे. डब्याऐवजी प्रश्न द्यायचा; उत्तर जागेवर जाऊन, बघून, मोजून किंवा शोधून मिळवायचं, आणि त्या उत्तरानं दुसरीकडचा डबा उघडायचा.

कसब्यासाठी प्रश्न काय द्यावा हे आम्हाला बाबांमुळे सुचलं. हा आमच्या सगळ्या खेळातला माझा आवडता भाग.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज इथे पकडले गेले. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूनं घाट उतरून आला. संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले, कवी कलश राजांबरोबर कैद झाले. अडतीस दिवसांनी, ११ मार्चला, तुळापूरला शेवट. तोही संगमच, भीमा-इंद्रायणीचा. हे सगळं कोकणातल्या पोरालाही पाठ असतं. कसब्याला आलेला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, आणि 'छावा' चित्रपट येऊन गेल्यापासून तर जरा जास्तच विचारतो: राजे निसटले कसे नाहीत? आम्हीही होडीत तेच बोलत होतो. भाचा म्हणाला, "नावडीला बंदर होतं ना? होडीत बसायचं आणि खाली जयगड."

बाबांनी वल्हं उचललं आणि विचारलं, "तिथ काय व्हती?"

मला माहीत नव्हती. एकतीस वर्षं शाळेत काढली, ती तारीख मुलांकडून घोकून घेतली जाताना ऐकली, पण तिथी विचारायचं मलाही कधी सुचलं नाही. भाच्यानं लगेच मोबाइलवर १ फेब्रुवारी १६८९चा चंद्र काढला. माझ्या घरी पुस्तकात तिथी सापडली ती माघ वद्य सप्तमी, शके १६१०, शुक्रवार. दोन्ही जुळेनात. मग लक्षात आलं, की ही इंग्रजी तारीख जुन्या, ज्यूलियन पंचांगाची. इंग्रजांनी नवं पंचांग घेतलं ते १७५२ साली. सतराव्या शतकातला फरक दहा दिवसांचा. आजच्या हिशेबानं तो दिवस ११ फेब्रुवारी. मी कागदावर वार मोजला. शुक्रवार आला. चंद्रही सप्तमीचाच.

पुढच्या खेपेला बाबांना सांगितलं. ते क्षणभर थांबले. सातची पाऊणपट सव्वापाच. पहाटे सव्वापाचला जयगडला भरती, संध्याकाळी सव्वापाचला पुन्हा. मधली सुकती साडेअकराच्या सुमाराला, आणि इथे वर त्याहून उशिरा, म्हणजे भर दुपारी. त्यात सप्तमी, भांग तोंडावर आलेला. बाबा म्हणाले, "भांगाचा पानी. त्या दिसाला कोन होडी काढत न्हाय."

भाचा उठूनच उभा राहिला, होडी डुलली. त्याला तिथल्या तिथे लेख लिहायचा होता. मी त्याला बसवलं. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ असतो. झडप दिवसाच्या नेमक्या कुठल्या प्रहरी पडली त्यावर सगळं अवलंबून. आणि तेव्हाची नदी आजची नव्हे. पूर्वी संगमेश्वरापर्यंत मोठी गलबतं येत आणि आता गाळामुळे येत नाहीत, ही तक्रार १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येसुद्धा आहे. त्याच्या दोनशे वर्षं आधी पात्र किती खोल असेल? तेव्हा सप्तमीच्या पाण्यानं काही सिद्ध होत नाही. पण इतकी वर्षं मी तो प्रसंग नकाशावर पाहत होतो, वरून, ठिपक्यासारखा. नकाशात पाणी नेहमी भरलेलंच असतं, निळ्या रंगानं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो काठावरून दिसला, आणि काठाला पाणी नव्हतं.

प्रश्न ठरला: त्या दिवशीची तिथी कोणती? खालच्या डब्याला आकड्यांचं कुलूप लावलं. हे छापून आलं की ते बदलावं लागेल.

८. होडीत उभं राहू नये.

लेख सुचला तरी. बाकी जॅकेट घाला, मोबाइल तरंगणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि खाडीच्या वळणात रेंज जाते म्हणून आकडे कागदावर लिहून घ्या. ह्या खेळात जागेच्या अवघडपणाला एक ते पाच तारे देतात. पाच तारे म्हणजे होडी किंवा दोर लागेल. आमच्याकडे एका भावजयीनं 'पंचतारांकित' वाचून चांगली साडी नेसली होती.

९. मृगाआधी डबा घरी आणा.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस धरायच्या आत. संगमेश्वरच्या बाजारात पाणी शिरणं नवं नाही. दोन नद्या जिथे मिळतात तिथे पुरालाही दुप्पट हक्क असतो. २०२१ साली टाळेबंदीच्या गोंधळात एक डबा राहून गेला. २२ जुलैला चिपळूण बुडालं त्याच पावसात इकडेही नद्या फुगल्या, आणि तिवराचं झाडच गेलं. गणपतीनंतर फोन आला. पलीकडे फुणगूस बाजूचे एक गृहस्थ होते, कुर्ल्यांच्या सापळ्याबरोबर डबा वर आला म्हणाले. वहीचा लगदा झालेला. पण झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेला नंबर वाचता येत होता. मी न्यायला गेलो तेव्हा त्यांनी डबा धुऊन, उन्हात वाळवून ठेवला होता, आणि आत त्यांच्या नातवानं एक शिंपला टाकला होता, खेळाचे नियम कुणी सांगितले नसताना.

तो डबा अजून चालतो. वही तिसरी आहे. घरी आणखी एक वही ठेवली आहे, न सापडलेल्या डब्यांची. त्यात भाच्यापेक्षा माझी पानं जास्त. दिवाळी ते शिमगा एवढा मोसम. येणार असाल तर आधी फोन करा, अष्टमी-नवमी सोडून या, आणि बाबांनी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्यावर उभे राहा.